डावी टाकी

घंटी वाजली ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली. रेडिओतून इतकी कर्कश आली की दारात बसून चहा पिणारा मेकॅनिकही दचकला.

"वहिनी, टोमॅटो बोंबलला," तो म्हणाला.

"कान आहेत मला," मी म्हटलं.

झालं असं, की दुपारभर एकाच बाजूनं वाहणारा वारा एकाएकी उलटला होता. मैदानाच्या टोकाला काठीवर कापडाची लांब पिशवी बांधलेली असते, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून. ती गपकन खाली पडली आणि उलट्या बाजूनं फुगली. उतरायला येणाऱ्या विमानाला हे कळवणं माझं काम. मी बटण दाबून विमानाला हाक मारली, आणि नेमक्या त्याच क्षणी तिकडे घंटी सुरू झाली. ह्यांनी उत्तर द्यायला माइक उचलला तो घंटीसकट. मग घंटी थांबली. "वारा उलटलाय, कळलं. पलीकडून उतरतो," एवढं बोलून ह्यांनी खटकन माइक ठेवून दिला.

मी वाट बघत बसले. अजून दोन शब्द यायचे होते. ते आले नाहीत.

आता हे कोण आणि टोमॅटो काय, ते सांगते. हे म्हणजे आमचे हे. चार माणसांचं छोटं विमान चालवतात. कधी औषधांची खोकी, कधी मोटारीचे सुटे भाग, आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई. "हवेतला टेम्पो," असं हे स्वतःच म्हणतात. आणि मी खाली पत्र्याच्या खोलीत रेडिओवर बसते. लोकांना वाटतं, काय मजा आहे! नवरा आभाळात, बायको त्याच्याशी बोलतेय. मजा कसली डोंबलाची. घरात जे बोलायचं ते तिथे बोलता येत नाही, कारण सगळं मैदान ऐकत असतं. आणि तिथे जे बोलायचं राहतं ते घरी आल्यावर हे ऐकत नाहीत, पेपर वाचतात. घरात मी ह्यांना 'अहो' म्हणते, रेडिओवर विमानाच्या नंबरानं हाक मारते. इतकी वर्षं त्यात कधी गल्लत केली नाही.

टोमॅटोचं असं आहे. ह्या विमानाच्या दोन पंखांत पेट्रोलच्या दोन टाक्या. पण इंजिन एका वेळी एकाच टाकीतून पितं. कुठल्या, ते ठरवायला वैमानिकाच्या डाव्या गुडघ्याखाली, भिंतीला, नळाला असते तशी एक चावी असते. चावीचं नाक पुढे असलं की डावी टाकी, मागे असलं की उजवी. थोड्या थोड्या वेळानं ती फिरवायची, एवढंच. नाही फिरवली तर एक टाकी कोरडी ठाक पडते आणि इंजिन बंद होतं, मग दुसरी काठोकाठ भरलेली का असेना. ताट वाढून ठेवलंय आणि माणूस बंद दाराबाहेर उपाशी उभा, तसला प्रकार. सांगायला गेलं तर हसू येईल इतकी साधी गोष्ट. पण विमानांच्या जगात कोणालाही विचारा, भरल्या टाकीनिशी पडलेली विमानं त्यांना माहीत असतात.

ह्यांना पूर्वी कशाचीच आठवण करून द्यावी लागत नसे. गेल्या दोनेक वर्षांत हळूहळू सुरू झालं. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, एवढ्यावर होतं तोपर्यंत मी हसत होते. मग एकदा मी बटाटे उकडायला ठेवून शेजारी गेले, ह्यांना म्हटलं लक्ष ठेवा. परत आले तर पातेल्याचा कोळसा आणि घरात धूर, आणि हे त्याच धुरात बसून पेपर वाचतायत.

"विसरलात ना?" मी म्हटलं.

"विसरलो नाही गं. राहिलं."

हा ह्यांचा शब्द. राहिलं. नळ चालू राहिला, दार उघडं राहिलं, धाकट्या जावेच्या मुलीच्या लग्नाला जायचं राहिलं. जशा काही ह्या सगळ्या गोष्टी आपणहून राहतात, ह्यांचा त्यांच्याशी काही संबंधच नाही! 'विसरलो' हा शब्द मी ह्यांच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकलेला नव्हता.

तर मी बाजारातून किल्लीचं घड्याळ आणलं, स्वयंपाकघरात ठेवतात ते. लाल, गोल, टोमॅटोच्या आकाराचं. पिळून ठेवायचं, वेळ झाली की मेलेला माणूस उठून बसेल अशी घंटी वाजते. हे बघून खूप हसले. "आता भाजीच भाजीवर नजर ठेवणार का?" म्हणाले. दुसऱ्या दिवशी टोमॅटो स्वयंपाकघरातून गायब! विमानाच्या काचेखाली, पेट्रोल-बिट्रोल दाखवणाऱ्या सुयांच्या घड्याळांच्या शेजारी, चिकटपट्टीनं चिकटवलेला मला मेकॅनिकनं दाखवला. मी काही विचारलं नाही, ह्यांनीही काही सांगितलं नाही. मी आपली बटाट्यांच्या डोक्याशी उभी राहायला लागले.

तेव्हापासून क्रम ठरला. घंटी वाजली की आधी डावा हात खाली, चावीवर. चावी फिरवायची. मग टोमॅटो पुन्हा पिळायचा. मग माइक घेऊन म्हणायचं, "डावीवर आलो" किंवा "उजवीवर आलो." हे कळवायचा काही नियम नाही, कोणी विचारत नाही. हे माझ्यासाठी कळवायचे. मी म्हणायची, "कळलं." एवढंच. पण तेवढं ऐकलं की मी खुर्चीत मागे टेकून बसायची.

त्या दिवशी "डावीवर आलो" आलं नाही.

तिकडून परत निघताना पेट्रोल भरलं तेव्हा उजवी टाकी अर्धीच ठेवलेली, डावी पूर्ण. निघताना उजवीवर निघायचं, घंटी झाली की डावीवर यायचं, हे ठरलेलं. म्हणजे आता उजवीत फार काही उरलेलं नसणार. मी बटण दाबलं.

"टाकी?"

जरा वेळानं उत्तर आलं. "बदलली."

"बदलली म्हणतायत," मेकॅनिक म्हणाला. तो आमच्या घरातलाच. माझ्या दिराबरोबर शिकलेला, ह्यांच्या हाताखाली तयार झालेला. दोनच दिवसांपूर्वी त्यानं विमानाचं इंजिन उघडून साफ करून पुन्हा बसवलं होतं आणि त्या दिवसापासून छाती काढून चालत होता.

"म्हणू दे," मी म्हटलं. "अरे, एका हातात माइक होता. दुसऱ्या हातानं घंटी बंद केली. चावी फिरवायला तिसरा हात कुठून आणला?"

मेकॅनिकनं कप खाली ठेवला.

"नंतर फिरवली असेल."

"नंतर फिरवली असती तर सांगितलं असतं. ते न सांगता राहत नाहीत."

मी पुन्हा बटण दाबलं. "एकदा बघून घ्या."

"बघितली," हे म्हणाले, आणि आवाज असा की समोर असते तर पेपर आपटला असता. "शेजारी प्रवासी बसलेत. जरा काम करू द्याल का?"

तेवढ्यात दारात मालक. त्यांच्या खोलीतही रेडिओ असतो. विमान त्यांचं, मैदानही त्यांचं, आणि त्यांना काळजी एकच, नाव खराब होता कामा नये. माणूस वाईट नाही, पण नावाला फार जपणारा.

"वहिनी, हे काय चाललंय? डॉक्टर मॅडम ऐकतायत सगळं. पायलटला पोरासारखं विचारतात का? नाक पुसलं का, टाकी बदलली का!"

"विचारलं तर बिघडलं काय?"

"तुम्ही असं विचारलंत तर उद्या आपल्या विमानात बसणार कोण?"

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. पण नवऱ्यानं सांगितलं गप्प बस, मालकांनी सांगितलं गप्प बस, आणि मेकॅनिक जमिनीकडे बघत होता. मी गप्प बसले नाही, मी फक्त बटणावरचं बोट उचललं. बोट उचलून टेबलावर ठेवलं आणि खिडकीतून टेकडीकडे बघत राहिले. विमान त्या टेकडीवरून येतं. आधी ठिपका दिसतो, मग आवाज येतो.

ठिपका दिसला नाही. रेडिओ बोलला.

"इंजिन गेलं."

असं, शांतपणे. दूध संपलं म्हणून सांगावं तसं. मालक दारातून आत आले, मेकॅनिक उभा राहिला, आणि आम्ही तिघंही रेडिओच्या त्या डब्याकडे बघत राहिलो.

"कुठे आहात?" मी विचारलं. आवाज माझाच होता, पण कुठून आला देव जाणे.

"टेकडीच्या पलीकडेच आहे. मैदान गाठता येणार नाही. खाली शेतं आहेत, तिथे बघतो. पंप चालू केलाय, सगळं करून बघितलं. धरत नाही."

"टाकी बदला."

"पेट्रोलचा प्रश्न नाही. डावीवर आहे मी. डावीची सुई भरलेली दाखवतेय." मग जरा थांबून, "परवा उघडलेलं इंजिन. काहीतरी तिथलंच आहे."

मेकॅनिकच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मालक त्याच्याकडे वळले.

"तूच उघडलं होतंस ना?"

"साहेब, देवाशपथ सांगतो, मी आणि दादांनी मिळून सुरू करून बघितलं. घड्याळासारखं चालत होतं."

"मग आता काय झालं?"

"मला काय माहीत? मी इथे आहे, इंजिन तिथे आहे!" तो जवळजवळ रडायलाच आला होता.

मला मात्र तेव्हा सगळं लख्ख दिसलं. खरं सांगते, इतकं स्वच्छ मला आयुष्यात कधी दिसलं नव्हतं. डावीची सुई भरलेली दाखवत होती, म्हणून ह्यांची खात्री, की आपण डावीवर आहोत आणि पेट्रोल भरपूर आहे. आणि माझी खात्री, की डावीची सुई भरलेली आहे ती डावीला अजून हातच लागलेला नाही म्हणून. सुई एकच, आणि अर्थ दोन. ह्यांच्या डोक्यात चावी फिरलेली होती. रोज फिरते, म्हणून आजही फिरलेली होती.

"चावी फिरवा," मी म्हटलं.

"कुठे फिरवू?" हे ओरडले. "उजवीत काही नाहीये! असलेलं घालवू का?"

मालकांनी हात पुढे केला. "वहिनी, माइक द्या इकडे. त्यांना जागा शोधू द्या. आता डोकं खायची वेळ आहे का?"

मी त्यांचा हात झटकला. मालकांचा हात! मला नंतर आठवलं तेव्हा घाम फुटला. आणि मग मी ते केलं, जे इतक्या वर्षांत त्या खोलीत कधी केलं नव्हतं. विमानाचा नंबर घेतला नाही.

"अहो," मी म्हटलं. "अहो, ऐका माझं. फिरवू नका. नका फिरवू. नुसता हात लावा. डावा हात गुडघ्याखाली घाला आणि चावीचं नाक कुठे आहे ते मला सांगा."

"मला खाली बघायचंय, जागा..."

"खालीच बघा! हाताला डोळे लागत नाहीत. हात लावा आणि सांगा."

खरखर झाली. ह्यांनी माइकचं बटण सोडलं नसावं, कारण तिकडचं सगळं ऐकू येत होतं. इंजिनाचा आवाज नव्हता. त्या डब्यातून इंजिनाशिवाय ह्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. नुसता वारा, शिट्टी घालत होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "पुढे झाडं आहेत, झाडं आहेत." हे म्हणाले, "दिसली मॅडम. पट्टा घट्ट करा. दाराची कडी काढून ठेवा." आवाजात कुठेही कापरं नाही. हा माणूस मला ठाऊक होता, हाच माझा नवरा.

मग वारा. नुसता वारा. मेकॅनिकनं माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

मग हे बोलले. अगदी हळू, स्वयंपाकघरात माझ्या एकटीशी बोलावं तसं.

"मागे आहे गं."

मालकांनी डोळे मिटले. मेकॅनिकनं खुर्ची सोडली.

"फिरवा," मी म्हटलं.

खट्. बटण सुटलं.

किती वेळ गेला मला विचारू नका. मालकांच्या तोंडून नुसतं "अरे देवा, अरे देवा" चाललं होतं. मी टेकडीकडे बघत नव्हते, डब्याकडे बघत होते. मग डबा खरखरला आणि त्यातून इंजिन खोकलं. एकदा, दोनदा, आणि मग धरलं. भरलेल्या टाकीवरचं, दोन दिवसांपूर्वी साफ केलेलं, ठणठणीत इंजिन गरजलं. मेकॅनिक "धरलं! धरलं!" म्हणून ओरडला. पण विमान तोवर फार खाली आलं होतं. त्या गर्जनेवरच काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि डबा गप्प झाला.

मी हाक मारली. नंबरानं मारली, 'अहो' म्हणून मारली. उत्तर नाही.

मालकांनी जीप काढली. मी पायात काय घातलं होतं तेही मला आठवत नाही. शेताच्या बांधापर्यंत जीप गेली, पुढे आम्ही नांगरलेल्या ढेकळांतून धडपडत पळालो. आधी वास आला. पेट्रोलचा, इतका दाट की घशात बसत होता. मग विमान दिसलं. पुढचं चाक मोडून नाकावर बसलेलं, डावा पंख एका झाडाला लागून फाटलेला. त्या फाटलेल्या पंखातून पेट्रोल वाहत होतं. विमानाचं पेट्रोल निळं असतं, चटकन ओळखू यावं म्हणून रंग घालतात. ती निळी धार नांगराच्या तासातून बांधाकडे चालली होती. घरी येऊन पुन्हा जाऊन परत येता आलं असतं इतकं पेट्रोल.

डॉक्टरीणबाई लांब जमिनीवर बसल्या होत्या, एक मनगट दुसऱ्या हातात धरून. जिवंत. मी मोठ्यानं रडले, तिथल्या तिथे, लाज न बाळगता. कारण त्यांच्या पलीकडे हे उभे होते. कपाळावरून रक्त गळत होतं आणि हे पंखाशी वाकून, फाटलेल्या पत्र्यावर तळहात दाबून, ते पेट्रोल थांबवत होते.

"दादा, लांब व्हा!" मेकॅनिक धावला. "एक ठिणगी पडली तर संपेल सगळं!"

"वाया चाललंय रे," हे म्हणाले.

आम्ही दोघांनी धरून त्यांना बाजूला ओढलं. हात पेट्रोलनं भिजून गार पडला होता. मी पदरानं पुसत राहिले, कपाळ पुसायचं सोडून हातच पुसत राहिले. हे माझ्याकडे बघत नव्हते.

मालक विमानाभोवती फिरून आले. त्यांना सगळं ठाऊक होतं, माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी ऐकलं होतं. तरी ते आले, घसा खाकरला आणि खाली बघत म्हणाले, "बरं झालं, जीव वाचले. आता चौकशीवाले येतील. मी म्हणतो, जास्त काही बोलायचं कारण नाही. इंजिन बंद पडलं, हे तर खरंच आहे ना? पायलट टाकी बदलत नाही असं बाहेर गेलं तर मैदानाला टाळं लागेल. आणि इंजिनाचं काम काय, परवाच झालंय."

मेकॅनिक एवढंच म्हणाला, "म्हणजे माझ्यावर?"

"तुला मी दुसरीकडे लावून देईन. तुझं वय आहे अजून."

"साहेब, इंजिन बिघडवणारा म्हणून नाव झाल्यावर मला कोण हात लावू देईल?"

मेकॅनिकनं ह्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. आणि मनातलं सांगते, खोटं कशाला बोलू, एक क्षण मला वाटलं की ह्यांनी गप्प बसावं. आभाळ गेलं की हा माणूस करणार काय? घरात बसून पेपर वाचणार? मला दिसत होतं, ह्यांनाही तेच दिसतंय. ओठ हलले, मिटले.

"ते चावीचं जरा..." हे म्हणाले. "घंटी झाली, मग वाऱ्याचा निरोप आला, त्यात ते राहि..."

शब्द अर्ध्यावर थांबला. ह्यांनी डॉक्टरीणबाईंच्या सुजलेल्या मनगटाकडे बघितलं. मग सरळ उभे राहिले. एवढं रक्त वाहत असताना, शर्टाची कॉलर नीट करून सरळ उभे राहिले.

"नाही," म्हणाले. "विसरलो. मी विसरलो."

मग मेकॅनिककडे वळून, "तुझं इंजिन चांगलं होतं रे. रेडिओवर तुझ्या कामाला दोष दिला, तो परत घेतो. सगळ्यांनी ऐकलं होतं ना? मग हेही सगळ्यांना सांग."

मेकॅनिक ढेकळात मटकन बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं. मालक जीपकडे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी इकडे या बघू, टाके घालावे लागतील," आणि एका हातानं आपली पिशवी उघडायला लागल्या.

चौकशीवाल्यांनाही ह्यांनी तेच सांगितलं, त्याच शब्दांत. परवाना कोणी मागायच्या आधीच काढून टेबलावर ठेवला. मैदानाला टाळं काही लागलं नाही. नवा पायलट आला. पोरगा गुणी आहे. मालकांनी स्वतःच मला सांगितलं, "वहिनी, टाकीचं विचारत जा हं त्याला." मी विचारते. तो दर वेळी न चिडता सांगतो. मी मध्येच वाऱ्याचा निरोप दिला नसता तर, असं कधीकधी मनात येतं. पण वारा कळवणं माझं कामच होतं, आणि हे मनाला लावून घेतलं तर मला त्या खुर्चीत बसता येणार नाही.

टोमॅटो डॉक्टरीणबाईंनी आणून दिला. आपटल्यावर सुटून त्यांच्या मांडीवर पडला होता म्हणे, त्यांनी नकळत पिशवीत टाकला. एका बाजूला पोचा आलाय, पण वाजतो. आता पुन्हा स्वयंपाकघरात असतो.

परवा संध्याकाळी मी बटाटे उकडायला ठेवले होते आणि भांडी घासत होते. हे टेबलाशी पेपर वाचत बसले होते. टोमॅटो वाजला. माझे हात साबणानं माखलेले, म्हणून "बंद करा हो" म्हणायला मी मान वळवली, आणि तशीच थांबले.

ह्यांनी पेपरातून मान वर काढली नव्हती. डावा हात मात्र खाली गेला होता. खुर्चीच्या बाजूला, गुडघ्याखाली, जिथे काहीच नव्हतं. बोटांनी काहीतरी धरलं, नीट चाचपून बघितलं, आणि मागून पुढे फिरवलं. मग हात वर आला आणि त्यानं घंटी बंद केली. आधी चावी, मग घंटी. क्रम अगदी बरोबर होता.

"कळलं," मी म्हटलं, आणि हात पुसून गॅस बंद केला.